पंपरूममधला डबा

मशीन खोटं बोलत नाही, हे वाक्य आमच्या सेक्रेटरींनी लिफ्टसमोर उभं राहून मला ऐकवलं, त्या दिवशी माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही. माझं पोटच मुळी मशीनला बोलायला लावण्यावर चालतं. मी सी भाषेत प्रोग्राम लिहिते, तेही लहानसहान उपकरणांच्या पोटात बसणाऱ्या चिपसाठी. तेव्हा मशीन काय बोलतं आणि कुणी सांगितलं म्हणून बोलतं, हे मला त्या गृहस्थांकडून शिकायचं नव्हतं. पण आमच्या सोसायटीत एखादी बाई तावातावाने काही सांगायला लागली, की आधी तिला ‘मॅडम, शांत व्हा’ म्हणतात आणि मग विषय बदलतात.

आम्ही जेसल पार्कात राहतो. इथल्या बहुतेक बिल्डिंगांसारखंच आमच्याकडेही नळाचं पाणी त्याला वाटेल तेव्हा खालच्या टाकीत येतं आणि तिथून पंप लावून गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. हे काम मामा करायचे. ते कुणाचेच मामा नव्हते, पण सगळी बिल्डिंग त्यांना मामाच म्हणायची. मूळचे रायगडातले, म्हसळ्याच्या पुढे कुठलंसं गाव. जिन्याखाली पंपरूमला लागून एक खोली होती, तिथे ते आणि मामी राहायचे. मामी बिल्डिंगमधल्याच काही घरांत पोळ्या करायच्या, आमच्याकडेही. म्हणजे मामांची नोकरी गेली की खोली जाणार, आणि खोली गेली की मामींच्या पोळ्याही जाणार, असं सगळं एकाच खुंटीला टांगलेलं होतं.

मग कमिटीला ऑटोमॅटिकचं वेड लागलं. पंपरूमच्या भिंतीवर एक डबा आला. टाकीतलं पाणी किती आहे हे तो स्वतः बघायचा, कमी झालं की पंप चालू करायचा, भरली की बंद करायचा, आणि दर वेळी सगळ्यांच्या मोबाईलवर तसा मेसेज पाठवायचा. ‘पंप चालू. टाकी पाव.’ ‘पंप बंद. टाकी भरली.’ सेक्रेटरी इतके खूश, की वाटेत भेटेल त्याला मोबाईल काढून मेसेज दाखवायचे. नव्या नातवाचे फोटोसुद्धा माणूस इतके दाखवत नाही.

मामांना डब्याचं कौतुकही नव्हतं आणि रागही नव्हता. नळाचं पाणी आलं की झडप उघडणं, पंपाला तेलपाणी, टाकी धुणं, ही बाकीची कामं त्यांच्याकडे होतीच. त्यांची एक सवय मात्र होती. दुपारी जेवायला खोलीत जाताना ते पंपरूममधली सगळी बटणं बंद करायचे, दिव्याचं, पंख्याचं आणि त्याच ओळीतलं डब्याचंही. जेवून, जरा पाठ टेकून आले की पुन्हा सगळी चालू. “आपण न्हाय तिथं, मग लाईट कशाला जाळायची फुकट?” एवढंच त्यांचं म्हणणं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी आणि दुसऱ्यांच्या विजेवर राहिलेल्या माणसाची ती सवय होती, त्यात डब्याविषयी काही विचार नव्हता.

पण डबा पुन्हा चालू झाला की सगळ्यांना मेसेज जायचा, ‘सिस्टीम सुरू झाली आहे.’ रोज दुपारी. सेक्रेटरींना वाटलं, हा माणूस मुद्दाम करतोय. ऑटोमॅटिक आलं म्हणून आपली किंमत कमी झाली, त्याचा हा सूड उगवतोय. त्यांनी मामांना चारचौघांत झापलं, डब्यावर प्लास्टिकचं झाकण बसवून त्याला कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, आणि वर डब्याची वायर लिफ्टच्या इन्व्हर्टरला जोडून घेतली. म्हणजे मामांनी बटण दाबलं तरी डबा चालू आणि वीज गेली तरी डबा चालू. आता तो कधीच बंद पडणार नाही, असं त्यांनी ग्रुपवर लिहिलं आणि लोकांनी शाबासकीचे अंगठे पाठवले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी गच्चीवरची टाकी ओसंडून वाहिली. भर उन्हाळ्यात, शेजारच्या बिल्डिंगा टँकरची वाट बघत असताना, आमच्या भिंतींवरून पाणी खाली येत होतं. मामा धावत गेले आणि त्यांनी मेनवरून पंप बंद केला. मग सेक्रेटरींनी मोबाईल उघडला. डब्याचा शेवटचा मेसेज होता, ‘पंप बंद. टाकी भरली.’ तोही आदल्या रात्रीचा. त्यानंतर काहीच नाही. झालं, निकाल लागला. मशीन म्हणतंय पंप बंद आहे आणि पंप तर चालू आहे. मशीनने लावला असता तर मशीनने कळवलं असतं. मग लावला कुणी? पंपरूमला लागून कोण राहतं?

डबा बनवणाऱ्याकडच्या तंत्रज्ञाने येऊन तो बंद-चालू केला आणि डबा पुन्हा नीट चालायला लागला. काही दिवसांनी पुन्हा तेच झालं. अगदी तसंच, शेवटचा मेसेज ‘पंप बंद’, आणि वर पाण्याचा धबधबा. मी लिफ्टसमोर सेक्रेटरींना म्हटलं, “अहो, दोन्ही वेळा मेसेज यायचेच थांबलेत. डबा अडकला असेल. आतला प्रोग्राम बघायला हवा.” त्यावर ते वाक्य आलं. “मॅडम, माणूस खोटं बोलतो, मशीन खोटं बोलत नाही. तुम्ही तर कॉम्प्युटरवाल्या, तुम्हाला हे माहीत पाहिजे.” आणि लिफ्ट आली म्हणून ते निघून गेले.

कमिटीने ठरवलं, मामांनी पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर चूक कबूल करायची आणि माफी मागायची, नाहीतर महिनाअखेर खोली खाली करायची. स्वतःच्या उदार मनावर कमिटी फार प्रसन्न होती. एवढं पाणी वाया घालवलेल्या माणसाला आपण नुसत्या माफीवर सोडतोय, असं सेक्रेटरी ज्याला त्याला सांगत होते.

मामा माफी मागायला तयार झालेत असं कळलं, म्हणून संध्याकाळी मी खाली गेले. मामा खोलीच्या दाराशी स्टुलावर बसले होते, मामी आत चहा गाळत होत्या.

“मामा, कुलूप लागल्यापासून तुम्ही डब्याला हात लावलात का?”

“न्हाय ताई. देवाशपथ.”

“पंप हाताने लावलात?”

“कशाला लावू? तो लागतो आपापला.”

“मग माफी कशाची मागताय?”

मामांनी मामींकडे पाहिलं. “दोन शब्द बोलायचं, हात जोडायचं. त्यानं काय अंग झिजत न्हाय. खोली ऱ्हाते.”

माझा संताप झाला. मामांवर नाही, न केलेल्या गोष्टीसाठी हात जोडणं ज्यांनी त्यांना इतकं सोपं करून ठेवलं होतं त्यांच्यावर. मी म्हटलं, “तुम्ही माफी मागायची नाही. मी बघते.” मामा हो म्हणाले, पण मोठ्या घरातली बाई सांगतेय म्हणून म्हणतात तसं.

डबा बनवणाऱ्याचं दुकान मीरा रोडला, स्टेशनजवळच्या एका शॉपिंग सेंटरच्या पहिल्या मजल्यावर होतं. शेजारी ब्युटी पार्लर आणि समोर पासपोर्ट फोटोवाला. मालक स्वतः इंजिनियर, तिशीचा, बोलायला गोड. डब्यातला प्रोग्राम त्यानेच लिहिलेला होता. आधी दाखवायला तयार नव्हता, पण मी काय काम करते ते सांगितल्यावर त्याला उलट उत्साह आला. लॅपटॉप माझ्याकडे फिरवून म्हणाला, “बघा ना मॅडम. क्लीन कोड आहे.”

कोड दिसायला खरंच नीटनेटका होता. मेसेज तयार करायचा भाग मी शोधला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो का झाला हे सांगायचं तर थोडं सी भाषेबद्दल सांगावं लागेल.

सी मध्ये प्रोग्राम चालू असताना ऐनवेळी जागा लागली, तर ती मागून घ्यावी लागते. मॅलॉक नावाची एक सोय असते. तिला सांगायचं, मला एवढी जागा हवी. ती मेमरीतला तेवढा तुकडा तुमच्यासाठी राखून ठेवते आणि त्याचा पत्ता तुमच्या हातात देते. काम झालं की फ्री नावाच्या दुसऱ्या सोयीकडे तो पत्ता सोपवायचा, मग तीच जागा पुढच्या कामाला मिळते. सोसायटीच्या हॉलची किल्ली नेण्यासारखंच आहे हे. मुलाच्या वाढदिवसाला न्यायची आणि कार्यक्रम आटोपला की आणून द्यायची. कुणी ती हरवून बसला तर हॉल त्यालाही वापरता येत नाही आणि इतरांनाही नाही. आत कोणी नसतं, पण दार बंद ते बंदच. हल्लीच्या पुष्कळ भाषांमध्ये मागून फिरून असं सगळं आवरणारं कुणीतरी असतं. सी मध्ये नसतं. जो मागतो त्यानेच परत करायचं, आणि मागितलेली जागा खरोखर मिळाली का तेही त्यानेच बघायचं. कारण जागा शिल्लक नसेल तर मॅलॉक आरडाओरडा करत नाही, हातावर गुपचूप शून्य ठेवतं.

या गृहस्थाने काय केलं होतं? प्रत्येक मेसेजचा मजकूर जुळवायला मॅलॉककडून जागा घेतली होती. मेसेज पाठवला आणि पत्ता विसरून गेला. फ्री हा शब्द त्या सबंध प्रोग्राममध्ये कुठेच नव्हता. मिळालेला पत्ता शून्य आहे का, हेही कुठे तपासलेलं नव्हतं. डब्यातली मेमरी ती केवढीशी. प्रत्येक घराला, प्रत्येक मेसेजला एकेक तुकडा जात होता आणि एकही परत येत नव्हता. आणि पंप चालू करायची ओळ आधी होती, मेसेजची नंतर. जागा संपली, त्या वेळी डब्याने आधी पंप लावला, मग ‘पंप चालू’ असं कळवायला जागा मागितली, हातात शून्य आलं, आणि तो जागच्या जागी थिजला. पंप चालूच राहिला. लोकांच्या मोबाईलवर मागचा ‘पंप बंद’ तसाच राहिला. ज्या मेसेजवरून मामांना गुन्हेगार ठरवलं, तो मेसेज म्हणजे अडकायच्या आधी डब्याने बोललेलं शेवटचं वाक्य होतं.

आणि इतके महिने हे का झालं नाही? रोज दुपारी मामा बटण बंद करायचे म्हणून. वीज गेली की मेमरी कोरी होते, नवी सुरुवात. ज्या सवयीबद्दल त्या माणसाला चारचौघांत झापलं, तिच्यावर सेक्रेटरींचं अख्खं ऑटोमॅटिक उभं होतं. मामांना याचा पत्ता नव्हता, सेक्रेटरींना नव्हता, आणि ज्याने डबा बनवला त्यालाही नव्हता.

मी त्याला विचारलं, “घेतलेली मेमरी परत कुठे केलीत?”

तो हसला. “मॅडम, ती आपोआप परत जाते ना. प्रोग्राम संपला की सिस्टीम सगळी मेमरी परत घेते.”

“हा प्रोग्राम कधी संपतो?”

तो लॅपटॉप स्वतःकडे फिरवून प्रोग्रामची शेवटची ओळ शोधायला लागला.

त्याचं म्हणणं कॉम्प्युटरच्या बाबतीत खरं होतं, म्हणून तर मला जास्त चीड आली. आपल्या कॉलेजांमध्ये सी शिकवतात ते असंच. दोन आकडे घ्या, बेरीज करा, छापा, संपला प्रोग्राम. मॅलॉक शिकवतात ते परीक्षेत येतं म्हणून, आणि फ्री लिहिलं नाही तरी उत्तर बरोबरच छापलं जातं, म्हणून कुणी मार्क कापत नाही. पिढ्यान् पिढ्या मुलं फक्त संपणारे प्रोग्राम लिहून इंजिनियर होतात, आणि मग कधीच न संपणारे प्रोग्राम लोकांच्या टाक्यांवर, लिफ्टवर, दवाखान्यांतल्या मशीनवर बसवतात. शिकवणाऱ्यालाही याचं काही वाटत नाही. त्या पोराला एकट्याला काय बोलणार?

तरी मी बोललेच. “तुम्ही हे चालवून बघितलं नव्हतं का?”

“बघितलं ना! इथे टेबलावर महिनोन्महिने चालतोय हा. कधी हँग नाही झाला.”

“आणि संध्याकाळी?”

“संध्याकाळी दुकान बंद करताना...” तो दाराशेजारच्या मेन स्विचकडे बघायला लागला.

मीटिंगच्या दिवशी मी त्याला ओढूनच आणलं. हॉलमध्ये टेबलावर तसाच एक डबा ठेवला आणि त्याला पंपाऐवजी बल्ब जोडला. प्रोग्राम तोच, फक्त टाकी भराभर भरते आणि रिकामी होते असं त्याला भासवलं. सेक्रेटरींचा मोबाईल टणाटणा वाजायला लागला. पंप चालू, पंप बंद, पंप चालू, पंप बंद. बल्बही तसाच उघडझाप करत होता. लोक आधी हसले, मग कंटाळून गप्पा मारायला लागले. आणि मग मोबाईल वाजायचा थांबला. बल्ब जळतच राहिला.

“वाचा,” मी सेक्रेटरींना म्हटलं.

त्यांनी वाचलं. “पंप बंद. टाकी भरली.” मग बल्बकडे पाहिलं. पुन्हा मोबाईलकडे पाहिलं. मागे दाराशी मामा उभे होते, स्वच्छ शर्ट घालून आलेले. त्यांना त्यातलं काय कळलं देव जाणे, पण लोक वळून त्यांच्याकडे बघताहेत हे कळलं, आणि ते थोडे ताठ झाले.

सेक्रेटरी तसे कोते मनाचे नव्हते, हे मला कबूल करायला हवं, जरी करताना दात खावे लागतात. ते उभे राहिले आणि म्हणाले, “मामांची काही चूक नाही, असं लिहून घ्या.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकलो.

मग त्यांनी त्या इंजिनियरला विचारलं, “म्हणजे दिवसातून एकदा बंद-चालू केला, तर हा डबा बरोबर चालतो?”

“एकदम बरोबर चालतो, सर.”

मी मध्ये पडले. “एका ओळीचं काम आहे. घेतलेली जागा परत करायची. ती ओळ घाला ना.”

“ते नवीन व्हर्जनमध्ये करू मॅडम, त्याला टेस्टिंग लागतं,” टेस्टिंग हा शब्द त्याने कुठल्या तोंडाने काढला कुणास ठाऊक. “आत्ता मी एक टायमर लावून देतो. रोज दुपारी आपोआप बंद होईल, आपोआप चालू होईल. फ्रीमध्ये लावतो.”

“आणि ती झडप वगैरे?” सेक्रेटरींनी विचारलं.

“तीही ऑटोमॅटिक येते, सर. याच डब्याला जोडता येते.”

सेक्रेटरींनी सभागृहाकडे पाहिलं. मग अगदी सहज, चहा मागवायचा का विचारावं तसं, ते म्हणाले, “मग आता पंपाला माणूस लागतो का?”

मी काय काय बोलले ते मला धड आठवतही नाही. इतकं आठवतं, की चुकीचा प्रोग्राम भिंतीवर राहणार आणि बरोबर वागलेला माणूस जाणार, असं मी ओरडून म्हटलं. कुणीतरी म्हणालं, मॅडम, शांत व्हा. कुणीतरी म्हणालं, टाकी धुवायला बाहेरून माणसं येतात हल्ली. कुणी म्हणालं, ती खोली सायकली ठेवायला होईल. कुणाच्याही मनात मामांबद्दल राग नव्हता. काही दिवसांपूर्वी चिडलेली तीच माणसं आता मामा किती चांगले, किती प्रामाणिक असं बोलत होती, आणि बोलता बोलता हात वर करून ठराव पास करत होती. माझा एक हात खाली राहिला, त्याने काही बिघडलं नाही.

महिनाअखेरीस टेंपो आला. सामान होतंच किती? एक कपाट, गॅस, गाद्यांची वळकटी. मामी माझ्याकडे येऊन डोळे पुसून गेल्या. मी खाली उतरले, तेव्हा मामा रिकामी खोली झाडून घेत होते. उद्या तिथे सायकली येणार होत्या, तरी झाडत होते.

मी म्हटलं, “मामा, तुमची चूक नव्हती हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी लिहून ठेवलंय.”

मामांनी केर सुपलीत भरला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्या आवाजात माझ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“ताई, चूक माजी हाय म्हनत व्हते, तवर माफी मागून ऱ्हाता आलं असतं,” ते म्हणाले. “आता चूकच न्हाय, तर माफी कशाची मागू?”